शरद ऋतूंत कोंकणकिनाऱ्यावर येणारीं दुर्मिळ पांखरें

भात पिकून पिवळें पडूं लागलें आणि नैर्ऋत्येचा वारा पडला, म्हणजे कोंकणपट्टींत परदेशी पांखरांची ये-जा सुरू होते. बांधावर शेपटी हालविणारा परीट, खाडीच्या चिखलांत चोंच खुपसणारा तुतवार, शेतावरून संथपणें घिरट्या घेणारा भोवत्या हे आपल्या नित्य ओळखीचे पाहुणे होत. परंतु याच दिवसांत एखादे वेळीं असें पांखरूं दृष्टीस पडतें कीं, गांवांतील वृद्धांनींही तें पूर्वीं पाहिलेलें नसतें. मग कोणी त्यास शुभ शकुन मानतो, कोणी अशुभ. कोणी गलोल शोधतो, तर कोणी तिकडे लक्षच देत नाहीं. असें पांखरूं कां येतें, तें दुर्मिळ आहे म्हणजे नेमकें काय, आणि जमीन कसणाऱ्याचा त्याच्याशीं संबंध कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ऋतूचा विचार करूं. सायबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया इत्यादि उत्तरेकडील प्रदेशांत पांखरें उन्हाळ्यांत घरटीं करतात. पिलें उडूं लागलीं कीं थंडीपूर्वीं सर्वांस दक्षिणेची वाट धरावी लागते. त्यामुळें वर्षांतील इतर कोणत्याही वेळेपेक्षां शरदांत प्रवासी पांखरांची संख्या मोठी असते, व त्यांत पहिलाच प्रवास करणारीं पिलें पुष्कळ असतात. अनेक जातींत पिलांस वाट दाखविण्यास आईबाप बरोबर नसतात; दिशेचें ज्ञान जन्मतःच असतें. आरंभीं दिशा थोडी चुकली, तरी हजारों किलोमीटरांच्या शेवटीं पांखरूं भलत्याच देशीं उतरतें. त्यांत ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अरबी समुद्रांत वादळें होतात, व थकलेलें पांखरूं मिळेल त्या जमिनीचा आश्रय घेतें. आपल्या किनाऱ्यावरील कांहीं पांखरें अशीं वाट चुकलेलीं किंवा वाऱ्यानें लोटलेलीं असतात.

परंतु सर्वच तशीं नसतात. कित्येक पांखरें योग्य मार्गानेंच जात असतात. केवळ तीं आपल्याकडे थांबत नाहींत, म्हणून आपणांस विरळ दिसतात. नीळकंठाचें उदाहरण घ्या. आपला देशी नीळकंठ, ज्याचें दर्शन दसऱ्यास शुभ मानतात, त्याची छाती तांबूस-तपकिरी असते व उडतांना पंखांवर गडद व फिकट निळे पट्टे दिसतात. त्याचा एक भाऊबंद युरोपांत व मध्य आशियांत घरटीं करून हिवाळ्यास आफ्रिकेंत जातो. त्याचें डोकें, मान व छाती सर्वच फिकट निळीं असतात आणि उडतांना पंखांची कड काळी दिसते. ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कच्छ-सौराष्ट्रांतून तो दरवर्षीं जातो. कोंकणांत मात्र क्वचितच उतरतो. आपल्या तारेवर बसलेला नीळकंठ देशी कीं परदेशी, हें केवळ छातीच्या रंगावरून कोणासही ओळखतां येईल.

याहून नवलाची गोष्ट अमूर ससाण्याची आहे. हा लहानसा शिकारी पक्षी कबुतराहून लहान व वजनानें सुमारें दीडशें ग्रॅम असतो. नर काळसर राखी रंगाचा, मांड्यांवर तांबूस आणि पायांस नारिंगी-तांबडा असतो. पूर्व सायबेरिया व उत्तर चीन हें याचें माहेर, आणि दक्षिण आफ्रिका हें हिवाळ्याचें घर. नागालँडांत दोयांग जलाशयाभोंवतीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत हे लाखोंच्या संख्येनें जमतात. तेथें २०१२ सालीं जाळीं लावून एका हंगामांत लाखाहून अधिक ससाणे मारल्याचा अंदाज प्रसिद्ध झाला व सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. परंतु तेथील गांवकऱ्यांनींच निश्चय केला, आणि २०१३ च्या हंगामांत जाळें लागलें नाहीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहास खूण देणारीं हलकीं यंत्रें बसविण्यांत आलीं व त्यांस नागा, पांगती व वोखा अशीं नांवें दिलीं. त्यावरून कळलें कीं, हे पक्षी भारताचें द्वीपकल्प ओलांडून, मागून येणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्याचें साह्य घेऊन, मध्यें कोठेंही न टेकतां अरबी समुद्र पार करतात व आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागतात. म्हणजे आपल्या डोक्यावरून दर नोव्हेंबरांत एक नदीच वाहत असते, तिचा एखादा थेंब सह्याद्रीच्या माथ्यावर वा किनाऱ्यावर उतरतो, आणि आपण म्हणतों, "दुर्मिळ पांखरूं आलें!"

या ससाण्याचें अन्न काय? तर वाळवीचे पंखवाले किडे, नाकतोडे, चतुर इत्यादि उडते कीटक. पावसाळ्यानंतर आपल्याकडे थव्यांनीं दिसणारा पिवळसर चतुरही याच दिवसांत समुद्रावरून आफ्रिकेच्या दिशेनें जातो, व वाटेंत ससाण्यांस तोच शिदोरी होत असावा, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. परदेशी नीळकंठही नाकतोडे व भुंगेरे खातो. दाण्याची नासाडी करणारीं पांखरें निराळीं आहेत. तीं मुख्यतः आपल्याच गांवचीं, म्हणजे मनोली, सुगरण, पोपट हीं होत. परदेशी पांखरांपैकीं भारीट थव्यांनीं दाणे खातो, हें खरें. परंतु एकाच्या अपराधासाठीं सर्वांस शिक्षा करणें न्यायाचें नव्हे व हिताचेंही नव्हे.

आतां दुर्मिळ या शब्दाचा दुसरा अर्थ पाहूं. कांहीं पांखरें आपल्या दारीं विरळ असतात, पण पृथ्वीवर विपुल असतात; अमूर ससाणा त्यांपैकीं होय. दुसरीं मात्र पृथ्वीवरच कमी होत चाललीं आहेत. तुतवारांच्या कुळांतील 'ग्रेट नॉट' नांवाचा पक्षी ईशान्य सायबेरियांत घरटीं करतो. त्यांतील बहुतेक ऑस्ट्रेलियांत हिवाळा काढतात. थोडे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येतात. वाटेंत पोट भरण्यासाठीं त्यांस पीत समुद्राच्या कांठचीं चिखलाचीं मैदानें लागतात. दक्षिण कोरियांत सेमांगम येथें अशीं मैदानें मिळविण्यासाठीं सुमारें ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ सालीं पुरी झाली. भरतीचें पाणी तुटलें, चिखलांतील शिंपले व किडे मेले, आणि त्या पांखरांची संख्या झपाट्यानें घसरली. आज हा पक्षी जगांत संकटग्रस्त गणला जातो. कोरियांतील भिंतीचा परिणाम कोंकणच्या खाडींत दिसतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण आपल्या खाडींतील भरावाचा परिणामही असाच दूरच्या देशीं दिसणार आहे.

खारजमीन कसणाऱ्या आपल्या बांधवांवर आम्ही दोष ठेवीत नाहीं. समुद्राकडे बांध घालून, उघाडीनें पावसाचें पाणी सोडून भात पिकविण्याची रीत जुनी आहे. बांधाबाहेर चिखल राहतो, भरती-ओहोटी चालते व पांखरांचें भागतें. खरा धोका आहे तो दगडमातीच्या भरावाचा. उरणच्या परिसरांत अशा भरावानें कित्येक पाणथळें नाहींशीं झालीं. उलट ठाण्याच्या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य म्हणून राखण्यांत आला. भराव झाला म्हणजे केवळ पांखरेंच जातात असें नाहीं. भरतीचें पाणी मुरण्यास जागा न उरल्यानें तें शेजारच्या बांधावर चढतें. कांदळवन तोडलें तर लाटांचा मार थेट बांधावर बसतो. तेव्हां पांखरांचा आसरा आणि आपली शेती, दोन्ही एकाच चिखलाच्या आधारानें उभीं आहेत.

शेतकऱ्यानें काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. अनोळखी पांखरूं दिसल्यास तारीख, ठिकाण, भरती कीं ओहोटी, संख्या, मैना किंवा कबुतर यांच्या मानानें आकार, चोंच व पाय यांचा रंग, आणि तें काय खात होतें, हें लिहून ठेवावें; जमल्यास छायाचित्र घ्यावें. पायांत कडें असेल तर त्यावरील अक्षरें व अंक उतरून घ्यावे. जिवंत पांखराचें कडें काढूं नये. आपल्या देशांत बहुधा मुंबईच्या १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचें नांव त्यावर असतें, तेथें कळवावें. थकलेलें पांखरूं सांपडल्यास त्याच्या घशांत पाणी ओतूं नये. हवा खेळेल अशा अंधाऱ्या खोक्यांत शांत ठेवून वनखात्यास वर्दी द्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें अशा पांखरांस धरणें वा मारणें हा गुन्हा आहे, हेंही सर्वांस माहीत असावें.

किनाऱ्यावर हिंडणारा पक्षिअभ्यासक महिन्यांतून एखादे दिवशीं येतो. शेतकरी मात्र पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत आपल्या शेतावर असतो. कोणतें पांखरूं प्रथम आलें, कोणतें येईनासें झालें, हें त्याच्याइतकें कोणासही कळणार नाहीं. पावसाची व पिकाची टांचणें ठेवणाऱ्या आमच्या वाचकांनीं त्याच वहींत एक पान या पाहुण्यांसाठीं राखून ठेवावें, इतकीच आमची विनंति आहे. दहा वर्षांनीं तें पान त्यांच्या मुलांस आपल्या खाडीची प्रकृति सुधारली कीं बिघडली, हें बिनचूक सांगेल.