मेइ लानफांग यांची मिशी

पुरुषाने मिशी राखली, यात बातमी ती काय? पण १९४१ च्या अखेरीस हाँगकाँग जपानी सैन्याच्या हाती पडले आणि तिथे राहणाऱ्या मेइ लानफांग यांनी मिशी राखली, तेव्हा तिचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. पेकिंग ऑपेरात स्त्रीभूमिका करणारा चीनचा सर्वांत नामवंत नट तो! ओठावर मिशी, म्हणजे शत्रूपुढे नाचगाणे नाही.

हा चेहरा काही सहज घडलेला नव्हता. १८९४ साली बीजिंगमध्ये जन्म, आजोबाही स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध. तरी लहानपणी मेइ यांचे डोळे मंद, पापण्या जड. त्यांनी कबुतरे पाळली. आकाशात दूर जाणाऱ्या पाखरांवर नजर खिळवून ठेवता ठेवता डोळ्यांत पाणी आले. विटेवर, पायांना लाकडी खुंट बांधून, उदबत्ती जळून संपेपर्यंत उभे राहायचे, हीही शिकवणीच.

मदिरेने धुंद झालेली राणी यांग हे त्यांचे गाजलेले काम. सम्राट ठरल्या वेळी येत नाही, राणी एकटीच पीत बसते. दातांत पेला धरून ती मागे वाकते, तेव्हा कसरत दिसत नाही; दिसतो तो अपमान. आपल्याला बालगंधर्व आठवतील, आणि ते साहजिकच आहे. दोघे समकालीन. मात्र गाण्याच्या जोडीला इथे तलवारीचे नृत्य आणि लांब पांढऱ्या बाह्यांची भाषाही नटाला यावी लागते.

१९३५ मध्ये मॉस्कोत ब्रेख्त यांनी त्यांना पाहिले. रंगभूषा नाही, प्रकाशयोजना नाही. साध्या खोलीत, पाश्चात्त्य पोशाखात मेइ स्त्री दाखवत होते. भूमिकेत बुडून न जाता ती ‘दाखवणारा’ हा नट ब्रेख्त यांच्या नाट्यविचारात कायमचा जाऊन बसला.

आणि असा माणूस गप्प बसला. उत्पन्न थांबले, पदरी मोठा परिवार. चित्रे काढून विकली. रंगमंचावर येण्याचा आग्रह वाढला, तेव्हा विषमज्वराची लस टोचून घेऊन त्यांनी मुद्दाम ताप आणला.

१९४५ मध्ये जपान शरण आला. मिशी उतरली. पुढे १९५९ मध्ये, पासष्टीच्या उंबरठ्यावर, मेइ यांनी नवे नाटक केले. नायिका मु गुइयिंग, वर्षानुवर्षे घरी बसलेली सेनानी. शत्रू चालून येतो आणि ती पुन्हा सेनापतीची मुद्रा हाती घेते.