रोजच्या गाडीला चिखलाचे टायर घालावेत का?

कापडाचा व्यापारी टायरवर लेख लिहितो, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आमचा धंदा जितका गादीवर चालतो तितकाच रस्त्यावरही चालतो. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे इचलकरंजीला जायचे, माल भरून परत यायचे आणि मग तोच माल खेड-गुहागरकडच्या वाड्यावस्त्यांवरील छोट्या दुकानदारांपर्यंत पोहोचवायचा, हा माझा अनेक वर्षांचा क्रम आहे. सुतार, गवंडी, वेल्डिंगवाले, आंब्याचे व्यापारी अशा आपल्या बऱ्याच बांधवांकडेही आता फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या आल्या आहेत. गाडी घेतली की पुढचा प्रश्न येतोच: टायर कोणते घालावेत? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर मी एकदा पदरचे पैसे मोजून घेतले आहे. ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

२०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या बोलेरोचे टायर संपले. दुकानदाराने मोठमोठ्या ठोकळ्यांचे, चिखलासाठी बनवलेले टायर दाखवले. "शेठ, हे घाला, गाडी कुठेच अडकणार नाही," असे तो म्हणाला. मुलालाही ते रुबाबदार वाटले. मूळ मापापेक्षा एक माप मोठेच घेतले. गाडी खरोखरच चिखलात अडकली नाही. पण ऑगस्टमध्ये इचलकरंजीहून येताना भर पावसात घाट उतरत होतो. मागे गाठी भरलेल्या होत्या, शेजारी मुलगा बसला होता. एका वळणाच्या पुढे एसटी उभी होती. ब्रेक दाबला, पण गाडी ओल्या डांबरावरून सरकतच राहिली आणि एसटीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. अल्लाहने वाचवले. घरी आल्यावर मी हिशेबाची वही काढली.

आधी किलोमीटर मोजा

त्या महिन्यात गाडी १,४०० किलोमीटर चालली होती. त्यांपैकी डांबर सोडून कच्च्या वाटेवर किती? जेमतेम ९०. म्हणजे शंभरातले सहा-सात किलोमीटर सोपे व्हावेत म्हणून मी उरलेले त्र्याण्णव किलोमीटर धोक्यात घातले होते. शिवाय चिखलात गाडी रुतली तर एक तास जातो, फार तर ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्यावे लागतात. घाटात ब्रेक लागला नाही तर काय जाते, हे सांगायला नको. म्हणून टायर घेण्यापूर्वी महिनाभर वहीत दोन रकाने आखा, एक डांबराचा आणि एक कच्च्या वाटेचा. कापड मोजल्याशिवाय आपण कात्री लावत नाही, मग इथेच घाई का करावी?

टायरचे तीन प्रकार

पहिला प्रकार हायवे टेरेन, म्हणजे एचटी. याची नक्षी बारीक, खाचा अरुंद. डांबरावर आवाज कमी, इंधन कमी आणि ओल्या रस्त्यावर पकड चांगली. चिखलात मात्र याच्या खाचा लगेच भरतात.

दुसरा प्रकार मड टेरेन, म्हणजे एमटी. याचे ठोकळे मोठे व एकमेकांपासून दूर असतात. चाक फिरताना मधला चिखल बाहेर फेकला जातो आणि प्रत्येक फेऱ्याला ठोकळा नव्याने रुततो. पण डांबरावर हाच गुण दोष ठरतो. रबराचा जमिनीला टेकणारा भाग कमी असतो, आणि ओल्या डांबराला धरून ठेवणाऱ्या बारीक चिरा फारच थोड्या असतात. त्यामुळे पावसात गाडी थांबायला जास्त अंतर लागते. आवाज वाढतो, डिझेल जास्त जाते आणि डांबरावर टायर लवकर झिजतो.

तिसरा प्रकार ऑल टेरेन, म्हणजे एटी. हा दोन्हींच्या मधला. ठोकळे मध्यम, त्यांवर बारीक चिरा. गाळाच्या शेतात तो एमटीची बरोबरी करणार नाही, पण लाल मातीची चढण, खडी, ओले गवत, नदीकाठची वाळू एवढे तो निभावून नेतो. ज्याची गाडी रोज डांबरावर आणि अधूनमधून कच्च्या वाटेवर चालते, त्याने एटी घ्यावा. कच्ची वाट म्हणजे फक्त घरासमोरची खडी असेल, तर एचटी पुरेसा आहे. एमटी त्याने घ्यावा, ज्याचा निम्म्याहून अधिक प्रवास खाणीत, शेतात किंवा जंगलात आहे.

टायरवर "एम प्लस एस" ही अक्षरे दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. चिखल आणि बर्फ असा त्याचा अर्थ असला तरी ती अक्षरे नक्षीच्या ठेवणीवरून लिहिली जातात, कसोटी घेऊन नव्हे.

टायरच्या आत कापडच आहे

कापडवाल्याला ही गोष्ट चटकन समजेल. टायरच्या पोटात नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या जाड दोऱ्यांचे कापड असते. त्यात ताणा दाट आणि मजबूत, तर बाणा विरळ, दोरे जागेवर राहण्यापुरताच. त्यावर रबर चढवतात. जुन्या जीपच्या ६.००-१६ मापाच्या टायरांत हे थर तिरपे, एकमेकांना छेद देत बसवलेले असत. रेडियल टायरमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. त्यामुळे रेडियलची पकड चांगली, पण बाजू मऊ असते. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या धारेने नक्षी फाटत नाही, बाजू फाटते. म्हणून बाजूला किती थर आहेत हे टायरवर वाचा. तीन थरांची बाजू दोन थरांपेक्षा दगडाला जास्त टिकते.

आकडे वाचायला शिका

समजा टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिले आहे. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत. या टायरचा एकूण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर होतो. मी घातलेल्या २३५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७३४. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असते. मीटरही कमी किलोमीटर मोजतो, म्हणजे ॲव्हरेजचा हिशेबही चुकतो. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते. तेव्हा कंपनीने दिलेल्या मापातच राहावे.

मापानंतर वजनाचा आकडा येतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५ आणि १०९ म्हणजे १,०३० किलो. हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीच घेऊ नका. माल मागे भरला की भार चारही चाकांवर सारखा येत नाही, मागच्या दोघांवर जास्त येतो. त्यापुढचे अक्षर वेगाचे आहे: क्यू १६०, एस १८०.

डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. वर्षानुवर्षे गोदामात पडलेला टायर नवा म्हणून विकला जातो, तो इथे ओळखता येतो. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा. दहा वर्षांचा झाला की नक्षी शिल्लक असली तरी काढून टाकावा. आयएसआय छाप पाहावी आणि पक्के बिल घ्यावे. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलात तो किती लावला तेही बघा.

फोर-व्हीलच्या गाडीची पथ्ये

चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो सारखेच झिजलेले असावेत. मागे दोन नवे आणि पुढे दोन जुने वेगळ्या मापाचे, असे केले तर फोर-व्हील टाकताच पुढची-मागची चाके वेगवेगळ्या फेऱ्यांनी फिरू पाहतात आणि ताण गिअरांवर येतो. याच कारणाने, ज्या गाडीत फोर-व्हील हाताने टाकावे लागते, तिथे ते कोरड्या डांबरावर टाकू नये. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांच्या जागा बदलाव्यात.

हवा दरवाजावरच्या तक्त्याप्रमाणे ठेवावी. चिखलात हवा थोडी कमी केल्यास पकड वाढते, पण माल भरलेला असताना हे करू नये, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही संपला. चिखलातली पकड तर त्याच्या बरीच आधी जाते.

शेवटी एक गैरसमज. फोर-व्हील-ड्राइव्हमुळे गाडी चढते, ओढते, चिखलातून निघते. ती लवकर थांबत मात्र नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. गाडी थांबते ती तळहाताएवढ्या चार ठिकाणी टेकलेल्या रबराच्या जोरावर.

मी ते टायर पाच महिन्यांत निम्म्याहून कमी किमतीत विकले आणि मूळ मापाचे एटी घातले. त्यानंतरच्या पावसाळ्यात गुहागरकडच्या एका वाडीत गाडी एकदा रुतली. गावकऱ्यांनी ढकलून काढली, चहाही पाजला. घाटात मात्र ब्रेक दाबताना आता पाय थरथरत नाही.