कॉफीला भेटू या, पण कुठे?

एक मैत्रीण ठाण्याच्या ऑफिसातून निघते, दुसरी अंधेरीच्या. बेत साधा आहे: सातला माटुंग्यात फिल्टर कॉफी. दोघी वेळेवर पोचतात, दोघी फोनवर ‘अगं, स्टेशनबाहेरच उभी आहे’ म्हणतात, आणि तरी एकमेकींचा पत्ता नाही! ठाण्याची उतरली आहे मध्य रेल्वेच्या माटुंग्याला आणि अंधेरीची पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोडला. बरं, चूक कोणाची म्हणाल? कोणाचीच नाही. उलट नवल वेगळंच आहे. दोन डोकी दोन दिशांच्या गाड्यांतून येतात आणि एरवी बिनबोभाट एकाच जागी उभी राहतात, ती कशी?

थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. 1960च्या आपल्या पुस्तकात त्याने एक गमतीशीर प्रयोग सांगितलाय. समजा, तुम्हाला न्यूयॉर्कमध्ये एकाला भेटायचंय. जागा ठरलेली नाही, वेळ ठरलेली नाही, निरोप द्यायची सोय नाही. त्यालाही तुम्हाला भेटायचंय. कुठे जाल? केवढं अवाढव्य शहर ते! पण निम्म्याहून जास्त लोकांनी एकच जागा सांगितली: ग्रँड सेंट्रल स्टेशन. आणि वेळ? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर दुपारी बारा! ‘मला काय सोयीचं’ हा विचार इथे कामाचाच नाही. ‘मी कुठे जाईन असं त्याला वाटेल, असं मला वाटतं?’ अशी ही उलटसुलट गुंतवळ, आणि आपलं डोकं ती क्षणात सोडवतं. चर्चगेटच्या इंडिकेटरखाली भेटणारे हेच करत आलेत. शेलिंगला 2005 साली नोबेल मिळालं.

यातली खरी मेख मात्र पुढे आहे. ज्यांना विचारलं ते लोक होते न्यू हेवनचे. आणि न्यू हेवनहून न्यूयॉर्कला जाणारी गाडी कुठे पोचते? ग्रँड सेंट्रललाच! म्हणजे ‘उघडच आहे’ असं आपण ज्या जागेला म्हणतो, ती आपापल्या गाडीच्या मार्गावर अवलंबून असते. ठाणेकरणीचं माटुंगा आणि अंधेरीकरणीचं माटुंगा वेगळं असणारच.

दादरला तर याहून बहार होती. तिथे पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वे शेजारी शेजारी, आणि दोन्हींचा स्वतःचा एक नंबरचा प्लॅटफॉर्म. ‘दादरला एक नंबरवर थांब’ म्हटलं की झालीच चुकामूक. अखेर डिसेंबर 2023मध्ये आकडे सलग झाले: पश्चिमेचे 1 ते 7, मध्यचे 8पासून पुढे. मला विचाराल तर फार उशिरा सुचलं.

‘पण आता मोबाइल आहे ना!’ असं म्हणाल. थांबा. लोकलमध्ये रेंज येते-जाते. एकीने लिहिलं, ‘माटुंगा रोडला ये.’ दुसरीचं ‘ओके.’ हे ओके पोचलं का? ते दुसरीला कसं कळणार? म्हणून पहिलीने लिहायचं, ‘ओके मिळालं.’ मग तेही पोचलं का? निळ्या टिका म्हणाल, तर टीक हाही एक निरोपच, तोही अडकू शकतो.

मग किती निरोपांनी दोघींची शंभर टक्के खात्री होईल? संगणकशास्त्राचं उत्तर ऐकून मी चाटच पडलो: कितीही पाठवा, होणारच नाही! समजा, अमुक इतक्या निरोपांत खात्री झाली. त्यातला शेवटचा निरोप पाठवणारीला तो पोचला की नाही हे कधीच कळत नाही, तरी ती निघते. म्हणजे त्या निरोपावाचून काही अडलं नव्हतं. टाका काढून. आता त्याच्या आधीचा शेवटचा झाला. त्यालाही तोच न्याय. असे एकेक गळत जाऊन उरतात शून्य निरोप, आणि शून्य निरोपांत कुठली आलीय कॉफी! आपण रोज भेटतो ते खात्रीवर नाही, ‘बहुतेक पोचला असेल’ यावर.

आता फोन बंद पडले आणि दोघी दोन वेगळ्या माटुंग्यांना उभ्या आहेत असं धरा. ‘थांबायचं’ किंवा ‘निघायचं’ असा एकच ठाम नियम दोघींनी पाळला तर पंचाईत. दोघी थांबल्या तर तिष्ठत राहणार, दोघी निघाल्या तर नुसती जागांची अदलाबदल. मग गणित काय सुचवतं? नाणं उडवा! छापा आला तर थांबा, काटा आला तर पलीकडे जा. एक थांबली आणि एक निघाली की भेट झाली, आणि दर खेपेला ती शक्यता निम्मी आहे. दोन जागांच्या या कोड्यात याहून चांगला समान नियम नाही, हे गणितज्ञांनी सिद्ध केलंय. (पायी हेलपाटे घालायची तयारी मात्र हवी.)

दोघी एकाच वेळी एकमेकींना फोन लावतात आणि दोघींना एंगेज लागतो, तेव्हाही हाच पेच. दोघींनी लगेच पुन्हा लावला की पुन्हा एंगेज. तुमच्या घरच्या वाय-फायवर दोन यंत्रं एकदम बोलायला गेली की तीही अशीच एकमेकांना अडवतात. पण ती हुज्जत घालत नाहीत. प्रत्येक यंत्र मनाशी एक आकडा काढतं, चिठ्ठी उचलावी तसा, आणि तेवढा वेळ गप्प राहतं. पुन्हा टक्कर झालीच, तर चिठ्ठ्या दुप्पट करून परत उचलतं.