देहाचे पंचांग

हिवाळा आला की नागपुरात अंबाझरी आणि फुटाळा तलावांच्या काठी पहाटे फिरणाऱ्यांत अनेक नवे चेहरे दिसू लागतात. उन्हाळा तापेपर्यंत त्यांतले थोडेच टिकतात. निश्चय कच्चा होता, असे म्हणून या गळतीची बोळवण केली जाते. परंतु ते पुरेसे कारण नव्हे. माणूस कष्टाला सहसा कंटाळत नाही. कष्टाचे फळ दिसेनासे झाले की मात्र तो खचतो. पंधरा दिवस चालूनही वजनाचा काटा जागचा हलत नाही आणि ‘आपल्या प्रकृतीला हे मानवत नाही’ असा निवाडा होऊन जातो.

वस्तुतः देहाचे पंचांग निराळे असते. रक्तातील तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. म्हणूनच मधुमेहाची ‘एचबीए१सी’ ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगते. आठवडाभराचे पथ्य तीत उमटावे तरी किती? व्यायामाच्या आरंभी वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावाची असते. स्नायू भरलेले दिसण्यास अधिक अवधी लागतो. मीठ कमी केले की वरण प्रथम अळणी लागते. काही आठवड्यांनी जीभ रुळते आणि पूर्वीची चवच खारट वाटू लागते. बदल घडतच असतो; तो डोळ्यांत भरत नाही, इतकेच.

ही गोष्ट नागपूरकरांना नवी नाही. १९५१ साली जनार्दनस्वामींनी येथे योगाभ्यासी मंडळ स्थापन केले. निःशुल्क योगशिक्षणाची त्यांनी घातलेली परंपरा १९७८ मध्ये त्यांच्या निधनानंतरही रामनगरातून पुढे चालत राहिली. अशा वर्गात चमत्काराचे आश्वासन नसते. असतो तो केवळ नित्यनेम. पतंजलीनेही अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, सातत्य आणि आदर या तीन अटी घातल्या आहेत. त्यांत कालावधीची अट प्रथम आहे, हे विसरता कामा नये.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही याहून फारसा वेगळा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडण्यास लागलेल्या काळाचे मध्यमान ६६ दिवस आले. व्यक्तिपरत्वे मात्र तो अवघ्या १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा आली नाही, हेही त्यात आढळले. खाडा झाला म्हणून व्रत मोडले असे मानणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

अर्थात धीर म्हणजे डोळेझाक नव्हे. औषध परस्पर बंद करून पथ्याच्या फळाची वाट पाहणे हे धैर्य नसून अविचार होय. छातीत दुखत असताना तर क्षणाचाही धीर धरू नये. मोजमापही हवेच, पण ते योग्य अंतराने. वजनकाट्यावर रोज उभे राहण्यापेक्षा जिना चढताना लागणारी धाप, रात्रीची झोप आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीने केलेली रक्ततपासणी अधिक खरे बोलतात.

काटोल-वरुडकडचा बागाईतदार संत्र्याची कलमे लावून चार-पाच वर्षे फळाची वाट पाहतो. त्या अवधीत तो स्वस्थ बसत नाही. पाणी, खत, निंदण चालूच ठेवतो. बागेला देतो तेवढी मुदत त्याने आणि आपण सर्वांनीच स्वतःच्या देहालाही द्यावयास हवी.