वजनकाट्यावर पॉवर बॅक सापडत नाही

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा मोसम सुरू झाला, एखादा नवा धिप्पाड खेळाडू गाजू लागला, की अ‍ॅमस्टरडॅमलगतच्या अ‍ॅम्स्टेलवेनमधल्या मराठी गप्पांत एक वाक्य हमखास कानावर पडतं. "पॉवर रनिंग बॅक ना? त्याला काय लागतं? दणकट शरीर असलं की झालं. चेंडू बगलेत मारायचा आणि समोरच्यांना उडवत सुटायचं." पाठोपाठ पुरवणीही येते. "तुमचा थोरला चांगला अंगानं भरलाय, त्याला घाला त्या क्लबात." थोरला तिथेच बसलेला असतो, याचं भान कुणालाच नसतं. तो उद्धटपणा क्षणभर बाजूला ठेवू. मुळात हे विधानच चुकीचं आहे.

आधी खेळाचा हिशेब पाहू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरहून जरा जास्त, पुढे सरकायचं असतं. शेवटचे एक-दोन यार्ड उरले आणि प्रतिस्पर्धी मधोमध गर्दी करून उभे राहिले, की चेंडू पॉवर बॅकच्या हातात दिला जातो. त्यानं त्या गर्दीत घुसायचं. बघणाऱ्याला टक्कर तेवढी दिसते, म्हणून सगळं श्रेय वजनाला मिळतं.

शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ११० किलोचा गडी सेकंदाला ६ मीटर वेगानं आला, तर गुणाकार ६६०. ९५ किलोचा गडी ८ मीटर वेगानं आला, तर ७६०. पंधरा किलो कमी असूनही दुसऱ्याचा धक्का मोठा. गतिज ऊर्जेत तर वेगाचा वर्ग धरतात, तिथे तफावत आणखी वाढते. तेव्हा नुसतं वजन वाढवून पाय जड झाले, तर ताकद वाढत नाही, घटते.

त्यातही धडक कुठे बसते ते महत्त्वाचं. बॅक ताठ धावत आला तर समोरचा त्याच्या छातीखाली खांदा घालून त्याला सहज उचलतो. म्हणून शेवटच्या दोन पावलांत तो गुडघे मोडतो, कंबर खाली घेतो, खांदे समोरच्याच्या खांद्यांपेक्षा खाली नेतो, मात्र मान वर आणि नजर समोर ठेवतो. चेंडू बाहेरच्या हातात असतो. टोकावर बोटं, मागच्या टोकाला कोपराचा खळगा, वरून कोपरापुढचा हात आणि आतून बरगड्या असा तो चारी बाजूंनी आवळलेला. तो सुटला की दोन यार्डांची कमाई राहते बाजूला, चेंडूच परक्यांच्या ताब्यात जाऊ शकतो. धडक बसल्यावरही पाय थांबवायचे नाहीत, छोटी-छोटी पावलं टाकत राहायचं आणि पडायचंच तर पुढे पडायचं. कबड्डीत चढाईपटूच्या अंगाला तिघं लोंबकळत असताना तो मध्यरेषेवर हात टेकवायला झेपावतो ना, अगदी तसं. तिथे आपण कधी म्हणतो का, की वजन आहे म्हणून सुटला?

आता ज्या शहरालगत बसून ही विधानं होतात, त्याच अ‍ॅमस्टरडॅमचं उदाहरण घ्या. इथल्या अ‍ॅडमिरल्स संघानं ११ जून २००५ रोजी ड्युसेलडॉर्फमध्ये बर्लिन थंडरला २७-२१ असं हरवून एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या युरोपीय शाखेचा, म्हणजे एनएफएल युरोपचा, वर्ल्ड बोल हा अंतिम सामना जिंकला. त्या मोसमात संघाचा रनिंग बॅक होता जॅरेट पेटन, उंची सहा फूट, वजन शंभर किलोच्या आसपास. शाळेत तो आधी आपल्या ओळखीचा, पायानं खेळायचा फुटबॉल खेळत असे. पुढे मायामी विद्यापीठात गेला, तिथे क्लिंटन पोर्टिस, विलिस मॅकगाही, फ्रँक गोर अशी एकाहून एक सरस मंडळी असल्यानं त्याला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. २००३ च्या मोसमात गोरचा गुडघा दुखावला आणि जॅरेटची पाळी आली. १ जानेवारी २००४ ला ऑरेंज बोल या कॉलेज सामन्यात त्यानं १३१ यार्ड काढले, मायामीनं फ्लोरिडा स्टेटला १६-१४ असं हरवलं आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू जॅरेट ठरला. त्याचं वजन काही त्या आठवड्यात वाढलं नव्हतं. आधीच्या वर्षांत सराव चालू होता, एवढंच. बाकावर बसलेल्या बॅकला चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकचं रक्षण कसं करायचं, कुठून हल्ला येतोय हे कसं ओळखायचं, हे शिकावं लागतं. ते जमेपर्यंत प्रशिक्षक त्याला सहसा मैदानात ठेवत नाहीत. एखादा बॅक "अचानक उगवला" असं आपण म्हणतो, तेव्हा ही वर्षं कुणी मोजलेली नसतात.

त्याचे वडील वॉल्टर पेटन यांचं उदाहरण तर आणखी बोलकं. उंची पाच फूट दहा इंच, वजन नव्वदीच्या घरात. शिकागो बेअर्सकडून तेरा मोसमांत १६,७२६ यार्ड, आणि एवढ्या काळात चुकलेला सामना फक्त एक. उन्हाळ्यात ते एका उभ्या टेकडीवर धावून पाय कमावत.

मग महाकाय पॉवर बॅक नसतातच का? असतात. नायजेरियातून थाळीफेक करत आलेला ख्रिश्चन ओकोये जवळजवळ ११८ किलोचा होता आणि १९८९ मध्ये एनएफएलमध्ये सर्वाधिक, १,४८० यार्ड त्यानंच काढले. डेरिक हेन्रीनं ११२ किलो वजन घेऊन २०२० मध्ये २,०२७ यार्ड काढले. पण हे दोघं गाजले ते त्या वजनानिशी वेगानं पळता येत होतं म्हणून. शिवाय ओकोयेची कारकीर्द सहा मोसमांत आटोपली. जड शरीराची किंमत गुडघे मोजतात.

याच गैरसमजाचा डच अवतार म्हणजे "इथले लोक इतके उंच, मग यांचे रनिंग बॅक कुठे आहेत?" डच सांख्यिकी संस्था सीबीएसच्या आकडेवारीनुसार २००१ मध्ये जन्मलेल्या इथल्या पुरुषांची सरासरी उंची १८२.९ सेंटिमीटर आहे. पण या जागेवर उंची ही अडचण, धरायला मोठं अंग मिळतं. एनएफएलमध्ये पोचलेले अ‍ॅमस्टरडॅमला जन्मलेला हॅराल्ड हॅसलबाख आणि हेगला जन्मलेला रोमिओ बँडिसन हे दोघं बचावाच्या पहिल्या फळीत खेळले, ते उगाच नाही.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

"युरोपात आलेले अमेरिकन म्हणजे टाकाऊ माल." अ‍ॅडमिरल्सचा १९९८ चा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर दुसऱ्याच मोसमात सुपर बोल जिंकून सामनावीर ठरला आणि १९९६ चा किकर अ‍ॅडम विनाटिएरी एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला.

"कॉलेजात चमकला की एनएफएल नक्की." अमेरिकी कॉलेज खेळांची संस्था एनसीएए हिच्याच अंदाजानुसार शंभरात दोघांनाही ती संधी मिळत नाही, आणि ऑरेंज बोल गाजवूनही जॅरेटला २००४ च्या ड्राफ्टमध्ये एकाही संघानं निवडलं नाही.

"नेदरलँड्सला हा खेळ ठाऊकच नाही." १९२८ मध्ये भारतानं हॉकीचं पहिलं सुवर्ण जिंकलं त्याच अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर १९९५ मध्ये अ‍ॅडमिरल्स वर्ल्ड बोलचा अंतिम सामना खेळले, देशांतर्गत अजिंक्यपदाचा ट्युलिप बोल तर आजही होतो.

"हे चिलखत घातलेलं रग्बी." रग्बीत चेंडू हातानं पुढे फेकता येत नाही, इथे पुढे फेकणं हा खेळाचा अर्धा जीव आहे.

"हेल्मेट आहे, मेंदूला काही होत नाही." हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आत मेंदू हलायचा तो हलतोच. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ दिवंगत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई हा विकार आढळला. हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, बहुधा शंका होती म्हणूनच, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हे प्रमाण लावता येत नाही. पण दुर्लक्ष करण्याइतकं ते किरकोळही नाही.

"ऑलिम्पिकमध्ये येतोय, म्हणजे पॉवर बॅकचे दिवस आले." २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये येतोय तो फ्लॅग फुटबॉल. पाच-पाच जणांचा, कमरेची पट्टी ओढायचा, धडक वर्ज्य. तिथे पॉवर बॅकला कामच नाही.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं : मुलाला हा खेळ आवडत असेल तर आधी फ्लॅगला घाला, पाय आणि नजर तयार होऊ द्या, टॅकलचं नंतर बघता येईल. आणि मुलगा नुसता अंगानं भरलाय म्हणून त्याची जागा ठरवणाऱ्या पाहुण्यांना त्याच्यादेखत गप्प करा.