इंजिनाचा ठोका आणि विजेची परतवाट

जुनी मोटारगाडी विकत घेणारा मनुष्य तिचा रंग पाहतो, टायर पाहतो, कागदपत्रे तपासतो. परंतु इंजिनाच्या आत काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ते ऐकून आणि मोजूनच ताडावे लागते. गाडी स्पोर्ट्‌स जातीची असेल तर हे काम अधिकच जिकिरीचे होते. अशा गाड्या थोड्या निघतात, त्यांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत, आणि निदान चुकले तर गाडीच्या किमतीइतका पैसा दुरुस्तीत जाऊनही दोष जागच्या जागी राहतो.

बंगळूर शहरात अशा गाडीचे एक स्थानिक उदाहरण आहे. तेथील सॅन मोटर्स या कंपनीने विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्‌स गाडी बाजारात आणली. तिचा आराखडा फ्रान्समध्ये तयार झाला होता, इंजिन रेनो कंपनीचे ११४९ घन सेंटिमीटरचे होते, आणि बाह्य शरीर फायबरग्लासचे होते. या गाडीचे उत्पादन आता थांबले आहे. जी मिळते ती वापरलेलीच मिळते.

या जातीची एखादी जुनी गाडी कोणाच्या हाती आली, आणि तिच्यात दोन तक्रारी आढळल्या असे समजावे. चढावर वेग वाढवताना इंजिनातून ठोके ऐकू येतात, आणि रात्री दिवे मधूनच मंद होतात. मालक पहिली तक्रार घेऊन इंजिनाच्या मिस्त्रीकडे जाईल आणि दुसरी घेऊन विजेच्या मिस्त्रीकडे. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकेल, ही शक्यता मात्र दोघांच्या मधल्या जागेत हरवून जाईल. ती कशी शोधावी, हे समजण्यासाठी प्रथम ठोका म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

ठोका कशामुळे होतो?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्या वर सरकून दाबतो. दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते. वाळल्या गवतातून वणवा सरकत जावा त्याप्रमाणे ज्योत त्या ठिणगीपासून चहूकडे पसरते, आणि काही सहस्रांश सेकंदांत सर्व मिश्रण जाळून टाकते. हे ज्वलन वेगवान असले तरी क्रमाक्रमाने होते. त्यामुळे दट्ट्यावर पडणारा जोरही क्रमाक्रमाने वाढतो.

आता ज्योत पुढे सरकत असताना जळालेले वायू प्रसरण पावतात आणि कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाला अधिक दाबतात. दाबामुळे ते तापते. ते इतके तापले की ज्योत पोहोचण्यापूर्वीच एकदम पेटून उठले, तर दाबाच्या लाटा निर्माण होऊन सिलिंडरच्या भिंतींवर आदळू लागतात. लहान मोटारीच्या इंजिनात ही कंपने सेकंदाला सुमारे सहा ते आठ हजार इतकी असतात. कानाला जो टणटण असा धातूचा आवाज येतो तो यांचाच. असा ठोका दीर्घकाळ चालू राहिला तर दट्ट्याचा माथा कुरतडला जातो, त्याच्या कड्या तुटतात, आणि शेवटी इंजिन निकामी होते.

ठोक्याची कारणे अनेक आहेत. ठिणगी फार लवकर पडणे, इंजिन अति तापणे, ज्वलनकोठीत काजळीचे थर साचणे, मिश्रणात पेट्रोल कमी पडणे, किंवा पेट्रोलच हलक्या प्रतीचे असणे. पेट्रोलचा ठोक्याला होणारा विरोध ‘ऑक्टेन अंका’ने मोजतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या मानकांप्रमाणे साध्या पेट्रोलचा हा अंक किमान ९१ ठरवण्यात आला होता. त्यात मिसळलेले इथेनॉल या विरोधात भरच घालते. म्हणून आजच्या पेट्रोलवर साध्या रचनेचे इंजिन ठोके देऊ लागले, तर पेट्रोलला दोष देऊन थांबणे योग्य ठरत नाही.

निरपराध बॅटरीवरील आरोप

ठोक्याच्या निदानाचा इतिहासच एका चुकीच्या आरोपापासून सुरू होतो. अमेरिकेतील डेटन येथील अभियंता चार्ल्स केटरिंग याने मोटारीसाठी विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारी ठिणगीची यंत्रणा तयार केली. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हा स्टार्टर बसवण्यात आला. पुढे इंजिनांतून ठोके ऐकू येऊ लागले, तेव्हा जुन्या मॅग्नेटो पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी सारा दोष केटरिंगच्या विद्युत् यंत्रणेवर ठेवला. यंत्रणा नवी होती आणि ठोकाही नवा होता. लोकांनी दोहोंची सांगड घातली.

केटरिंगने हा प्रश्न आपला तरुण सहकारी टॉमस मिजली याच्याकडे सोपवला. मिजलीने सिलिंडरमधील दाबाचे आलेख घेतले. ठोका ठिणगीच्या आधी होत नसून ठिणगी पडून ज्वलन सुरू झाल्यानंतर होतो, असे त्यांवरून दिसले. मग लाल रंगाचे इंधन उष्णता अधिक शोषील आणि नीट पेटेल, अशा तर्काने त्याने इंधनात आयोडीन मिसळले. ठोका थांबला! तेथेच काम संपले असे तो म्हणू शकला असता. परंतु त्याने दुसरे लाल रंग मिसळून पाहिले, आणि ठोका तसाच राहिला. अर्थात गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. उपाय लागू पडला म्हणजे तर्क खरा ठरला असे नव्हे, हा या प्रयोगाचा धडा आहे. जुनी गाडी तपासणाऱ्याने तो प्रथम शिकावा.

आवाजांची पारख

इंजिनातून येणारा प्रत्येक ठोका ज्वलनाचा नसतो. म्हणून आवाज केव्हा येतो, केव्हा वाढतो आणि केव्हा थांबतो, हे आधी नोंदवावे.

चढावर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबताच टणटण सुरू होते आणि पाय उचलताच थांबते, तर तो ज्वलनाचा ठोका मानण्यास आधार आहे. सकाळी थंड इंजिनातून बोदा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर तो कमी होतो, तर दट्ट्या व सिलिंडर यांमधील अंतर झिजेने वाढले असावे. इंजिनाच्या फेऱ्यांच्या निम्म्या गतीने बारीक टिकटिक होते, तर झडपांकडे पाहावे. कारण चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदाच उघडते. खालच्या बाजूने खोल आणि जड ठोका येत असेल व तेलाचा दाबही कमी असेल, तर कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असण्याचा संभव असतो. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करावे, परीक्षेसाठीही पुढे चालवू नये.

दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे ठरवण्यासाठी जाणकार मिस्त्री एकेका सिलिंडरच्या इंधन-इंजेक्टरची जोडणी क्रमाने काढून पाहतो. ज्या सिलिंडरचे काम थांबताच आवाज मंदावतो, तेथे संशय घट्ट होतो. स्पार्क प्लगची तार चालू इंजिनात ओढण्याची जुनी रीत आता टाळावी. त्या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो, आणि इंजिनाच्या संगणकालाही त्यापासून इजा पोहोचू शकते.

पठार आणि समुद्रकिनारा

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. तेथील हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाच्या साधारण नऊ-दशांश असतो. त्यामुळे ॲक्सिलरेटर पुरा दाबला तरी सिलिंडरमध्ये हवा सुमारे एक-दशांशाने कमी भरते, दाब कमी चढतो, आणि ठोक्याचा संभवही कमी होतो. हीच गाडी बेळगावच्या वाटेने घाट उतरून गोव्यास गेली, तर तेथील दाट आणि उष्ण हवेत तिचा लपलेला ठोका प्रकट होऊ शकतो. गोव्याचा मालक म्हणेल, “गाडी ठोके देते,” आणि बंगळूरचा विकणारा म्हणेल, “माझ्याकडे तर कधीच देत नव्हती.” दोघेही खरे बोलत असतील. याउलट, बंगळूरच्या विरळ हवेतही जी गाडी स्पष्ट ठोके देते, तिच्यातील दोष किरकोळ मानता येणार नाही.

वीज परत कशी येते?

आता दिव्यांच्या तक्रारीकडे वळावे. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून किंवा मोटरमधून गेल्यावर बॅटरीकडे परत आलीच पाहिजे. पोलादी गाडीत ही परतवाट म्हणजे गाडीचे शरीरच होय. प्रत्येक दिव्याला एकच तार पुरते. फायबरग्लासमधून मात्र वीज वाहत नाही. म्हणून अशा गाडीत परतीसाठी स्वतंत्र तारा ओढून त्या धातूच्या सांगाड्याशी जोडाव्या लागतात. यांना मिस्त्री ‘अर्थ’ म्हणतात. वर्षानुवर्षे पावसात भिजून या जोडण्या गंजतात, आणि विजेच्या वाटेत रोध उत्पन्न होतो.

थोडा रोधही किती महाग पडतो ते साध्या गुणाकाराने कळेल. स्टार्टर १५० अँपिअर प्रवाह ओढत असेल, आणि अर्थच्या जोडणीत केवळ ०.०२ ओहम रोध असेल, तर १५० × ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तेथेच खर्च होतात. बारा व्होल्टच्या गाडीत हा चौथा हिस्सा झाला.

तपासणीस एक साधा मीटर पुरतो. गाडी काही तास उभी असताना चांगल्या बॅटरीत सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत, १२.२ दिसल्यास ती निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना अंक बहुधा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असावा; तो चढला नाही तर आल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा. त्यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण ध्रुवावर व दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून स्टार्टर फिरवावा. तेथे अर्ध्या व्होल्टहून अधिक दाब दिसला, तर परतवाट सदोष आहे. ब्रेक दाबताच मागचे दुसरेच दिवे मिणमिणू लागणे, हीही अशाच दोषाची खूण होय; आपली वाट अडलेली वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते.

दोन दोषांची गाठ

वर उल्लेखिलेल्या दोन तक्रारी येथे एकत्र येतात. पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे ढकलणारा पंप विजेवर चालतो. त्याच्या अर्थमध्ये रोध असेल तर त्याला साडेतेरा व्होल्टऐवजी अकराच मिळतील. सपाट रस्त्यावर तेवढे पुरेल. पण चढावर इंजिनाला अधिक पेट्रोल हवे असते, आणि ते कमी पडून मिश्रण विरळ होते. अशा मिश्रणात ठोका लवकर येतो. त्याचप्रमाणे ठोका ऐकण्यासाठी इंजिनावर बसवलेल्या संवेदकाची तार तुटली असेल, तर संगणक ठिणगी सावधगिरीने उशिरा पाडतो. ठोका येत नाही, परंतु इंजिन निर्जीव वाटते. केटरिंगच्या वेळी विजेवर खोटा आरोप आला होता. येथे विजेचा खरा दोष इंजिनाच्या माथी मारला जाऊ शकतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम तेल, पाणी आणि बॅटरी तपासावी. मग सर्व अर्थ साफ करून घट्ट करावेत. त्यानंतर पेट्रोलचा दाब मोजावा, प्लग काढून त्यांचा रंग पाहावा, आणि सर्वांत शेवटी इंजिन उघडावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच चढावर गाडी चालवून निकाल वहीत लिहावा. बंगळूरच्या जे. सी. रोडवर सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. तेथे जाण्यापूर्वी ही वही भरलेली असावी.

मिजलीची कथा आयोडीनवर संपली नाही. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याच्या गटाला टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग सापडले. अगदी थोड्या प्रमाणात ते ठोका पूर्णपणे थांबवीत असे. परंतु शिसे विषारी आहे. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथे हे द्रव्य बनवताना पाच कामगार मरण पावले, आणि पुढे अनेक दशके रस्त्यांवरच्या धुरातून ते विष मुलांच्या रक्तात जात राहिले. भारताने १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल सक्तीचे केले. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ साली शिसेयुक्त मोटार-पेट्रोलची विक्री थांबवली. जगभरची इंजिने शांत झाली होती, पण त्या शांततेची किंमत मोजण्यास जगाला शंभर वर्षे लागली. जुन्या गाडीचा ठोका नुसता बंद करणे सोपे असते. तो का होत होता हे सांगता आले, म्हणजेच दुरुस्ती पुरी झाली.