दंडावरची चकती, समोर थॉमसन द्राक्षांचा घड

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या मधुमेहींची पंचाईत होते. घड समोर आणि घरच्यांचे डोळे त्यांच्यावर! हल्ली काहींच्या दंडावर दोन रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी पांढरी चकती दिसते. तिच्याखालची पाचेक मिलिमीटरची लवचीक तार त्वचेत चौदा दिवस रुतून असते. तारेवरच्या विकराची ग्लुकोजशी अभिक्रिया झाली की इलेक्ट्रॉन सुटतात. त्या इवल्याशा विद्युतप्रवाहावरून साखरेचा आकडा मोबाइलवर येतो. विकराच्या संवेदकाची मूळ कल्पना लेलँड क्लार्क यांची, 1962 सालची.

गंमत म्हणजे ही चकती रक्त तपासतच नाही. ती तपासते पेशींच्या अवतीभवतीचा द्रव, आणि तिथे साखरेचा बदल काही मिनिटे उशिरा पोहोचतो. म्हणून जेवणानंतर बोट टोचून काढलेला आकडा आणि चकतीचा आकडा जुळत नाहीत. लोक यंत्राला नावे ठेवतात, बिचाऱ्याचा दोष नसतो. चकती असलेल्या कुशीवर झोपलात तर दाबामुळे साखर खोटीच उतरलेली दिसते आणि मध्यरात्री मोबाइल कोकलतो.

पुढची पायरी सूक्ष्मसुयांची. त्या जेमतेम मिलिमीटरभर, त्यामुळे टोचल्याचे फारसे जाणवत नाही. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसेफ वांग यांच्या गटाने 2022 मध्ये दाखवलेली पट्टी ग्लुकोजच्या जोडीने मद्यार्क किंवा लॅक्टेटही मोजते. नाशिकसारख्या वाइनच्या गावाला ही जोडगोळी फारच सोयीची! तोवर चकती एक सांगतेय आणि हातपाय थरथरताहेत, घाम फुटलाय, असे झाले तर बोट टोचून खात्री करायची.